१ सप्टेंबर १९४०चं भाडं

गिरगाव, काळबादेवी, भेंडीबाजार, लालबाग, परळ या भागांतल्या हजारो खोल्यांचं भाडं आजही एका तारखेशी बांधलेलं आहे: १ सप्टेंबर १९४०. दुसरं महायुद्ध सुरू होऊन त्या दिवशी एक वर्ष झालं होतं. पुढे १९४७ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १ सप्टेंबर १९४०ला ज्या खोलीचं जे भाडं होतं, तेच तिचं प्रमाण भाडं, असं त्यात ठरलं. १३ फेब्रुवारी १९४८पासून कायदा अमलात आला. तो कायमचा असावा असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. ३१ मार्च १९५०पर्यंतच त्याची मुदत होती. ती मुदत वाढत गेली, पुन्हा वाढत गेली, आणि दोन वर्षांसाठी आणलेला कायदा पन्नास वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या घरांवर राज्य करत राहिला. तो गेल्यावर जो नवा कायदा आला, त्याचा हिशोबही जुन्या भाड्यावरूनच सुरू होतो.

हे कसं घडलं आणि त्याने या शहराचं काय केलं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयावर बोलायला लागलं की माणसं लगेच दोन बाजूंना उभी राहतात. घरमालक म्हणतो, जिन्यातल्या दिव्याचं बिलही भाड्यातून सुटत नाही, मग इमारत दुरुस्त कशाने करू? भाडेकरू म्हणतो, चार पिढ्या आम्ही इथे राहतोय, हे छप्पर गेलं तर या शहरात आम्हाला दुसरी जागा नाही. दोघंही खरं बोलतात, असं मला या विषयाची कागदपत्रं वाचताना पुन्हा पुन्हा जाणवलं. पण या भांडणात तिसरा पक्ष कधी समोरच येत नाही. तो म्हणजे सरकार. टंचाईच्या काळात भाडं गोठवायचं ते घरं बांधायला उसंत मिळावी म्हणून. मुंबईत सरकारने भाडं गोठवलं आणि त्या प्रमाणात घरं मात्र बांधली नाहीत. माझ्या मते पुढच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ इथे आहे, आणि पुस्तकभर मी तेच दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

भाडेनियंत्रण ही स्वतंत्र भारताची कल्पना नव्हे. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात जहाजबांधणी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी कामगारांचे लोंढे आले, घरमालकांनी भाडी चढवली आणि १९१५ साली तिथल्या बायकांनी भाडं न भरण्याचा लढा पुकारला. मेरी बार्बर ही त्यांची पुढारी. नोव्हेंबरात भाडं थकवल्याबद्दल काही भाडेकरूंना कोर्टात खेचलं, तेव्हा कामगार कामं टाकून कोर्टावर चालून गेले. त्याच वर्षअखेर ब्रिटिश पार्लमेंटने भाडी युद्ध सुरू झालं तेव्हाच्या पातळीवर गोठवली. मुंबईत हाच विचार १९१८ साली पोचला, आणि इथल्या कायद्याच्या नावातही युद्धकाळातल्या निर्बंधांचा उल्लेख होता. युद्धाने गिरण्यांना तेजी आणली होती, कोकणातून आणि घाटावरून माणसं येत होती, आणि १८९६च्या प्लेगनंतर सुधारणेच्या नावाखाली पाडलेल्या वस्त्यांच्या जागी पुरेशी घरं उभी राहिली नव्हती. हा पहिला कायदा १९२०च्या दशकाच्या अखेरीस संपला.

त्या काळातला एक प्रयत्न मात्र विसरून चालणार नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी आणि सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. सिमेंट काँक्रीटच्या, १६० चौरस फुटांच्या, उजेड कमी आणि भाडं परवडेना, म्हणून सुरुवातीला कितीतरी रिकाम्या पडून होत्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. त्या चाळींची टिंगल खूप झाली. तरी सरकारने स्वतः पैसा उभा करून, स्वतः घरमालक होऊन, भाड्याच्या खोल्या एवढ्या संख्येने बांधल्या हेही खरं, आणि बीडीडीच्या त्याच खोल्यांत पुढे कामगारांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या.

मग दुसरं महायुद्ध आलं. सिमेंट आणि पोलाद लष्कराकडे वळलं, खासगी बांधकाम जवळजवळ थांबलं. लोकसंख्या मात्र थांबली नाही. आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत १९४१ साली अठरा लाख माणसं होती, १९५१ साली जवळजवळ तीस लाख. यांत फाळणीनंतर सिंधमधून आणि पंजाबातून आलेले निर्वासित होते, तसे गिरण्यांत आणि गोदीत कामाला आलेलेही होते. अशा शहरात भाडी मोकळी सोडली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करायला अर्थशास्त्र लागत नाही. १९४७चा कायदा करणाऱ्यांनी त्या घडीला योग्य तेच केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लोकांच्या तोंडी हा ‘रेंट ॲक्ट’. त्याचं काम कसं चालायचं, हे थोडं उलगडून सांगितलं पाहिजे, कारण त्यावर मत असणारे पुष्कळ, पण त्याची कलमं उघडून पाहणारे थोडे. भाडेकरू प्रमाण भाडं आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देत आहे तोवर त्याला बाहेर काढता येत नाही, हा कायद्याचा कणा. काढायचं तर कारणं ठरलेली: मालकाला स्वतःला खरोखर जागेची गरज आहे, भाडेकरूने परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, जागा सहा महिने विनाकारण बंद ठेवली, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, आणि अशी आणखी काही. मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर तो गुन्हा. भाड्याची पावती न देणं हाही गुन्हा. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो. तंटा झाला तर मुंबईत तो लघुवाद न्यायालयात, म्हणजे धोबीतलावच्या ‘स्मॉल कॉज कोर्टा’त. तिथले दावे बापाने लावायचे आणि मुलाने संपवायचे, अशी गत कितीतरी घरांनी पाहिली आहे.

या कायद्याने जे राखलं, ते मोजायला आपण कमी पडतो. ज्या घरात म्हातारपणाची पेन्शन नाही, आजारपणाचा विमा नाही, बेकारीचा भत्ता नाही, तिथे स्थिर भाड्याची खोली हाच एक आधार होता. १९८२चा गिरणी संप फसला, मग एकेक गिरणी बंद होत गेली. पगार गेला, भविष्यनिर्वाह निधीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले. अशा घरांतल्या बायकांनी खानावळी चालवल्या, पापड लाटले, शिवणकाम केलं. महिन्याचं भाडं पन्नास-साठ रुपये होतं म्हणून हे शक्य झालं. बाजारभावाचं भाडं असतं तर लालबाग-परळ पहिल्या दोन वर्षांतच रिकामं झालं असतं. मुंबईच्या मध्यभागी मराठी, मुस्लिम, दलित, तेलुगू कामगारांची वस्ती एवढा काळ टिकली, त्यांची मुलं महापालिकेच्या शाळांतून शिकून बँकांत आणि कचेऱ्यांत लागली, याचं श्रेय संघटनांना आणि शिक्षणाला आपण देतो. गोठलेल्या भाड्यालाही ते द्यायला हवं.

पण त्याच गोठलेल्या भाड्याने दुसऱ्या बाजूला काय केलं, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. भाड्यातून मिळकत राहिली नाही, तेव्हा मालकांनी ती दुसऱ्या वाटेने शोधली. तिचं नाव पागडी. खोली देताना एकदम मोठी रक्कम घ्यायची आणि पावती मात्र जुन्या भाड्याची फाडायची. भाडेकरूला सोडून जायचं असेल तर तो नव्या भाडेकरूकडून पागडी घेणार आणि मालकाला त्यातला वाटा देणार. साधारण तिसरा हिस्सा, कुठे कमी, कुठे जास्त. १९४७च्या कायद्याने हे घेणं गुन्हा ठरवलं होतं. तरी पन्नास वर्षं सगळ्या शहरात हाच व्यवहार चालू होता, रोखीत, नोंदीशिवाय. म्हणजे ज्याच्याजवळ पागडी द्यायला पैसा आहे त्यालाच स्वस्त भाड्याची खोली. गरिबासाठी केलेल्या कायद्याच्या दारात गरीबच अडला. ज्यांना आधीपासून खोली होती त्यांना संरक्षण मिळालं. कोकणातून काल आलेल्या पोराच्या वाट्याला गाळ्यात, वीस-पंचवीस जणांत, पाळीपाळीने अंथरूण टाकण्याची जागा आली. पुढे तीही मिळेना, तेव्हा झोपडपट्टी.

१९७३ सालची दुरुस्ती हे या कहाणीतलं मोठं वळण आहे. रेंट ॲक्ट टाळण्यासाठी मालक आणि मोठ्या जागांचे भाडेकरू ‘लीव्ह अँड लायसन्स’ने जागा देऊ लागले होते. तो भाडेकरार नाही, नुसती राहण्याची परवानगी, अशी ती सोय. सरकारने ठरवलं की १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो असा परवानाधारक म्हणून जागेत राहत असेल, तो भाडेकरू मानला जाईल. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार एका दिवसात गेली. त्याच दिवशी जागा असणाऱ्या प्रत्येकाने एक धडाही घेतला: आपली जागा परक्याला दिली तर ती परत मिळेलच असं नाही. त्यानंतर मुंबईत कितीतरी घरं कुलूप लावून ठेवली गेली. द्यायचीच तर बँकेला, कंपनीला. साध्या माणसाला देताना शंभर चौकशा. ही भीती आजही गेलेली नाही. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली. त्यामागे गुंतवणूक म्हणून घेतलेली घरं, न विकलेले फ्लॅट अशी कारणं आहेतच, पण ही जुनी भीतीही आहे.

दुरुस्तीचा प्रश्न या सगळ्यात भयंकर, कारण तो जिवावर बेततो. इमारत दुरुस्त ठेवणं हे कायद्याने मालकाचं काम. वीस रुपये भाड्यात ते होत नाही, हे सरकारलाही ठाऊक. साठच्या दशकात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि खर्चासाठी शहर भागातल्या इमारतींवर उपकर बसवला. तेव्हापासून या ‘सेसच्या बिल्डिंगा’. त्यांची मूळ संख्या १९,६४२, आणि त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४०च्या आधीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, आलं. दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा घातलेली. खर्च त्यापुढे जाणार असेल तर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते आणि रहिवासी संक्रमण शिबिरात जातात. ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून शिबिरात गेलेल्या कुटुंबांची मुलं तिथेच लग्नाची झाली. काहींच्या जुन्या जागेवर पुन्हा इमारत होऊच शकत नव्हती, कारण भूखंड अरुंद किंवा आरक्षित होता. त्यांची नावं म्हाडाच्या मास्टर लिस्टमध्ये वाट पाहत राहिली. आणि जी माणसं हलली नाहीत, शिबिराच्या धास्तीने टेकू लावलेल्या इमारतीतच राहिली, त्यांच्यापैकी काहींचं काय झालं तेही आपण पाहिलं आहे. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. या मृत्यूंचा दोष एकट्या मालकावर किंवा हट्टी भाडेकरूवर टाकून मोकळं होता येणार नाही. गोठवलेलं भाडं, अपुरा उपकर आणि न बांधलेली पर्यायी घरं या तिन्हींचा हिशोब एकाच दाराशी येतो.

न्यायालयाने हे ओळखलं, पण उशिरा. मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७मध्ये सांगितलं की १९४०च्या भाड्याला चिकटून राहणं एके काळी रास्त असलं तरी काळ लोटल्यावर ते मनमानी ठरतं. कायदा न्यायालयाने तिथल्या तिथे रद्द केला नाही. त्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपत होती, आणि तो आहे तसा पुन्हा वाढवला तर टिकणार नाही, असा इशारा दिला. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २०००पासून अमलात आला. जुन्या भाड्यात एकदा ५ टक्के वाढ आणि पुढे दर वर्षी ४ टक्के. गणित करून पाहा: वीस रुपयांची खोली पंचवीस वर्षांनी छप्पन रुपयांच्या आसपास पोचते. पालिकेचे कर आणि उपकर वेगळे. मालकाचा प्रश्न यातून सुटला नाही, हे सांगायला नको. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भागभांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण मात्र काढून घेतलं, आणि ते योग्यच झालं. फोर्टात मोक्याच्या जागी कवडीमोल भाड्याने कचेरी थाटलेल्या कंपनीला विधवेच्या खोलीचा कायदा कशाला? पागडीही याच कायद्याने वैध केली. निदान एक गोष्ट अंधारातून बाहेर आली.

मालकी कुणाची, हा वाद दुसऱ्या वाटेनेही चालू होता. १९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण घालून सेसच्या इमारतींतल्या ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत घेण्याची वाट दिली गेली. मालकांची संघटना न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयात हा विषय १९९२ सालापासून पडून होता, शेवटी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ला बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेत म्हटलेली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. बत्तीस वर्षं. खटला उभा राहिला तेव्हा ज्या जिन्यांवर तरुण पोरं धावत होती, ते जिने यातल्या कितीतरी इमारतींत आता राहिलेले नाहीत.

बाहेरच्या शहरांचे अनुभव या पुस्तकात थोडेच आहेत, पण व्हिएन्नाचं प्रकरण मी मुद्दाम घातलं आहे. तिथेही १९१७ साली युद्धकाळात भाडी गोठली. युद्धानंतरच्या महागाईत ती जवळपास शून्यावर आली, आणि भाड्यातून फायदा नाही म्हणून जमिनीही स्वस्त झाल्या. नगरपालिकेने नेमक्या त्याच वेळी जमिनी घेतल्या. १९२३ साली घरबांधणी कर बसवला, ऐसपैस घरांना जास्त आणि साध्या घरांना अगदी थोडा, आणि १९३४पर्यंत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरं बांधली. कार्ल मार्क्स होफ हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध संकुल, सुमारे १,४०० घरांचं. म्हणजे भाडं गोठवल्याने शहर कुजतंच असं नाही. गोठवलेल्या काळात कुणी बांधत होतं की नाही, यावर ते ठरतं. याच्या उलट टोकाला सॅन फ्रान्सिस्कोचा अभ्यास आहे. तिथे १९९४ साली लहान इमारतींना भाडेनियंत्रण लागू झालं. संरक्षण मिळालेले भाडेकरू शहरात टिकले, हे खरं. पण त्या इमारतींच्या मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा सुमारे १५ टक्क्यांनी कमी केला आणि बाकीच्या शहरात भाडं चढलं. दोन्ही उदाहरणं एकत्र वाचली तर मुंबईचं चित्र स्वच्छ दिसतं.

मुंबईत सरकार बांधत नव्हतं असं नाही. १९४८च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आलं, त्याने विक्रोळीतल्या कन्नमवार नगर, टागोर नगर अशा वसाहती भाड्याने दिल्या. पुढे त्या खोल्या राहणाऱ्यांच्याच मालकीच्या करून टाकल्या, आणि त्यानंतर म्हाडाचं घर म्हणजे लॉटरीत लागणारं मालकीचं घर असं समीकरण झालं. सरकारने घरमालक असणंच सोडून दिलं. १९६१ साली देशाच्या शहरांत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहत होती, २०११मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आत आलं.

म्हणून या पुस्तकाचा शेवटचा भाग मी आजच्या भाडेकरूला दिला आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी नर्स, कॉल सेंटरमधला मुलगा, नालासोपाऱ्यात आणि कळव्यात दर वर्षी घर बदलणारं कुटुंब. १९९९चा कायदा यांनाही लागू आहे, पण मुख्यतः मालकाला जागा लवकर परत मिळावी एवढ्यापुरता. भाडं किती, डिपॉझिट किती, करार पुढे न्यायचा की नाही, सगळं मालकाच्या मर्जीवर. आडनाव ऐकून, धर्म विचारून, एकटी बाई आहे म्हणून घर नाकारलं तर दाद मागायला जागा नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नमुना कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवायला सांगितलं आहे, तेवढं तरी इथे व्हायला हवं.

जुन्या चाळी आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात बिल्डर भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचं घर फुकट देतो, तेही मालकीचं. चार पिढ्या टेकूखाली काढलेल्या कुटुंबाला ते मिळालंच पाहिजे, त्यात कुणी आडकाठी करू नये. पण अशी प्रत्येक इमारत उठते तेव्हा शहराच्या मध्यभागी साध्या माणसाला भाड्याने मिळू शकणाऱ्या वीस-तीस खोल्या कायमच्या जातात. त्यांच्या जागी विक्रीचे मनोरे येतात आणि भाड्याची खोली एकही येत नाही. माझं म्हणणं असं आहे की पुनर्विकासात शहराला जे चटईक्षेत्र द्यावं लागतं, त्यातला काही हिस्सा भाड्याची घरं म्हणून म्हाडाने स्वतःकडे ठेवावा. ती कधीही विकायची नाहीत, भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवायचं आणि दुरुस्तीचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा काढायचा. शेवटच्या प्रकरणात या मागणीचा खर्च आणि तिच्या आड येणारी कलमं मी मांडली आहेत. भाडेकरूंच्या आणि मालकांच्या, दोन्ही संघटनांनी माझी मांडणी तपासून पाहावी आणि जिथे चूक दिसेल तिथे खोडून काढावी.